‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ मराठीत बसवायचंय? पुण्यातल्या हौशी ग्रुपसाठी पायरी-पायरीने

एकच सेट, सात पात्रं, गाणी नाहीत, गर्दी नाही, कपडेसुद्धा बदलायचे नाहीत. हौशी ग्रुपला याहून सोपं काय मिळणार, असं म्हणून आम्ही हे नाटक हातात घेतलं. पहिल्या वाचनापासून पहिल्या प्रयोगापर्यंत सात महिने लागले. त्यातले निदान तीन महिने आम्ही कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जे. बी. प्रीस्टली यांनी हे नाटक दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लिहिलं. लंडनमध्ये थिएटर मिळेना, म्हणून पहिले प्रयोग १९४५ मध्ये सोव्हिएत रशियात झाले आणि १९४६ मध्ये ते लंडनच्या रंगमंचावर आलं. गोष्ट घडते १९१२ च्या वसंतात, ब्रुमली नावाच्या काल्पनिक इंग्लिश गिरणगावात. आर्थर बर्लिंग हा कारखानदार मुलगी शीला आणि तिचा होणारा नवरा जेराल्ड यांच्या साखरपुड्याची मेजवानी करतोय. टेबलाशी बायको मिसेस बर्लिंग आणि मुलगा एरिकही आहेत. तेवढ्यात इन्स्पेक्टर गूल येतो आणि सांगतो की ईव्हा स्मिथ नावाची एक तरुण मुलगी जंतुनाशक पिऊन मेली. मग एकेक करत टेबलाभोवतालच्या प्रत्येकाचा तिच्याशी काय संबंध होता ते उलगडत जातं.

१. भिंतीवर तारखांचा तक्ता लावा

हे काम सगळ्यात आधी, पात्रवाटपाच्याही आधी. ईव्हाची गोष्ट रंगमंचावर तुकड्यातुकड्यांनी येते. नटांना ती सलग पाठ नसेल तर तिसऱ्या अंकात सगळे गोंधळतात. आमचा तक्ता असा होता:

सप्टेंबर १९१०: बर्लिंगच्या कारखान्यातून काढलं. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत होते, तिने पंचवीस मागितले, संपात पुढे होती.
डिसेंबर १९१० ते जानेवारी १९११: मिलवर्ड्स या कपड्यांच्या दुकानात नोकरी. शीलाने रागाच्या भरात तक्रार केली, नोकरी गेली.
मार्च ते सप्टेंबर १९११: डेझी रेंटन या नावाने जेराल्डच्या आसऱ्याला.
नोव्हेंबर १९११ पासून: एरिकशी संबंध.
मृत्यूच्या दोन आठवडे आधी: मिसेस बर्लिंगच्या महिला धर्मादाय संस्थेकडे मदतीचा अर्ज, आणि नकार.

सगळं प्रकरण अडीच शिलिंगांवरून सुरू झालं, हे नटांच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. ‘याचे आजचे रुपये किती होतील?’ असं कुणीतरी विचारणारच. हिशेब करत बसू नका. प्रेक्षकाला आकडा नको असतो. मालकाला तो किती किरकोळ वाटला, एवढंच त्याला बघायचं असतं.

२. हक्कांचं आधी बघा, वाचन नंतर

प्रीस्टली १९८४ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे हे नाटक २०४४ संपेपर्यंत मोकळं नाही. ‘जुनं नाटक आहे, कोण विचारतंय’ हे वाक्य आमच्याकडेही कुणीतरी म्हटलं होतं, चहा पिताना. हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात काही सूट आहे. पण तिकीट लावलंत की ती संपली.

करायचं असं. नाटकाची छापील प्रत विकत घ्या. सुरुवातीच्या पानांवर प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते दिलेलं असतं. त्यांना ई-मेल करताना अनुवादाची परवानगी आणि प्रयोगाची परवानगी या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा. सभागृहाची आसनसंख्या, तिकिटाचा दर आणि प्रयोगांची संख्या पहिल्याच पत्रात लिहा. आम्ही हे न लिहिता ‘वी आर अ स्मॉल ग्रुप फ्रॉम पुणे’ असं दोन परिच्छेदांचं भावपूर्ण पत्र पाठवलं. उत्तरात नेमके हेच तीन प्रश्न आले आणि महिना गेला.

दुसऱ्या कुणी केलेला मराठी अनुवाद वापरणार असाल तर त्या अनुवादकाची लेखी संमतीही लागेल. फोनवरचं ‘करा की’ पुरत नाही.

३. अनुवाद करा, रूपांतराचा मोह टाळा

मोह होणारच. बर्लिंगचा सोलापूरचा गिरणीमालक करू, शीलाची शैला करू, मेजवानीत श्रीखंड-पुरी ठेवू. आमच्यात यावर दोन आठवडे वाद झाला. माझं मत अजूनही तेच आहे: ब्रुमली ब्रुमलीच राहू द्या. पहिल्या अंकात बर्लिंग छाती फुगवून सांगतो की युद्ध होणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात निघणारी टायटॅनिक कधी बुडणारच नाही. प्रेक्षकाला १९१२ आणि १९१४ ठाऊक असतं, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत तो या माणसाला ओळखतो. गिरणी सोलापुरात हलवलीत की हा पायाच निघून जातो. शिवाय रूपांतराची परवानगी अनुवादापेक्षा कठीण.

अनुवादात आम्हाला तीन जागी ठेच लागली. त्या सविस्तर सांगतो, कारण त्या इंग्रजी वाचताना दिसतच नाहीत.

पहिली, ‘मिसेस बर्लिंग’. आमच्या पहिल्या खर्ड्यात नोकराणी त्यांना ‘बाईसाहेब’ म्हणायची, इन्स्पेक्टर ‘बर्लिंगबाई’ म्हणायचा, जेराल्ड ‘आई’ म्हणायचा. कानाला छान वाटत होतं. दुसऱ्या अंकात कळलं की ईव्हाने धर्मादाय संस्थेत मदत मागताना स्वतःचं नाव ‘मिसेस बर्लिंग’ सांगितलं होतं, आणि त्याच उद्धटपणाचा राग येऊन बाईंनी तिला हाकललं. तोवर प्रेक्षकाने ‘मिसेस बर्लिंग’ हे शब्द ऐकलेलेच नसतील तर तिथे काहीच घडत नाही. सगळा खर्डा पुन्हा लिहावा लागला.

दुसरी, अहो-जाहो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत प्रत्येक वाक्यागणिक ठरवावं लागतं. बर्लिंग इन्स्पेक्टरला आधी ‘आपण’ म्हणतो की ‘तुम्ही’? वरच्या पोलीस अधिकाऱ्याशी आपण गोल्फ खेळतो अशी धमकी देताना काय म्हणतो? आम्ही त्याला ‘तुम्ही’वरच ठेवलं, आणि तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर बनावट होता असं वाटायला लागल्यावर ‘तो’ केला. ‘तो माणूस इन्स्पेक्टर नव्हताच!’ एवढ्या एका एकवचनात बर्लिंगचा सगळा जीव भांड्यात पडलेला ऐकू येतो. ईव्हाबद्दल बोलताना मात्र सगळेच पहिल्यापासून एकेरी बोलतात, इन्स्पेक्टरसुद्धा. ते तसंच हवं. तिला ‘त्या’ करू नका.

तिसरी, ‘गर्ल्स ऑफ दॅट क्लास’. मिसेस बर्लिंगचं हे अर्धवट तोडलेलं वाक्य. ‘त्या वर्गातल्या मुली’ हे पुस्तकी होतं, ‘खालच्या वर्गातल्या’ म्हटलं की भाषण वाटतं. शेवटी ग्रुपमधल्या एकीने तिच्या आजीच्या तोंडचं वाक्य दिलं: ‘असल्या घरच्या मुली...’ वाचनाच्या खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. प्रत्येकाने ते कुठे ना कुठे ऐकलेलं होतं.

आणखी एक, गंमत म्हणून. गूल या नावात इंग्रजी कानाला भुताचा अर्थ ऐकू येतो. मराठीत तो जातो, जाऊ द्या. पण पाठीमागच्या रांगेला ‘इन्स्पेक्टर गूळ’ ऐकू येता कामा नये. मूळात तो आपल्या नावाचं स्पेलिंग सांगतो. ती ओळ अजिबात कापू नका.

४. संहितेचं प्रमाणपत्र

महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता पूर्ण झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, आणि प्रमाणपत्र मिळतं ते त्या संहितेलाच. म्हणून तालमीत वाक्यं बदलत राहणारा ग्रुप असेल तर आधी दोन आठवडे टेबलावर वाचन करा, वाक्यं पक्की करा आणि मगच प्रती काढा.

फाइलमध्ये हे ठेवा:
मूळ हक्कधारकांचं परवानगीपत्र आणि पैसे भरल्याची पावती, अनुवादकाचं संमतिपत्र, टाइप केलेल्या, पानांवर क्रमांक घातलेल्या संहितेच्या जादा प्रती, संस्था नोंदणीकृत असेल तर तिचं नोंदणी प्रमाणपत्र आणि पॅन, सभागृहाची पावती, पार्श्वसंगीतासाठी कुणाचं ध्वनिमुद्रण वापरत असाल तर त्याची परवानगी. सभागृहाच्या व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी विचारा की प्रयोगाआधी तुम्हाला कोणकोणते कागद दाखवावे लागतील. सगळ्याचे दोन संच करा. एक घरी, एक प्रयोगाच्या दिवशी पिशवीत.

५. सभागृह आणि तारीख

पुण्यात सभागृहांची वाण नाही, पण नवख्या ग्रुपने बालगंधर्वकडे बघत झुरू नये. हे नाटक चेहऱ्यांचं आहे. शीलाला फोटो दाखवल्यावर तिच्या तोंडावर काय होतं ते तिसाव्या रांगेतून दिसत नाही. पहिला प्रयोग सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहासारख्या लहान जागी करा. हात बसला की भरत नाट्य मंदिर. पेठांमध्ये प्रयोग असेल तर सेटचा टेम्पो कुठे लावायचा ते आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन बघून या. आमचं डायनिंग टेबल बोळाच्या तोंडापासून चौघांनी डोक्यावरून नेलं, मागे दुचाकींचे हॉर्न.

तारीख धरताना गणपती टाळा, हे सांगायला नको. पण गणपतीच्या आधीचे दोन महिनेही जपा. आमची तालमीची जागा नदीपात्राजवळ होती. जुलैपासून रोज संध्याकाळी ढोलताशा पथकांचा सराव सुरू झाला आणि इन्स्पेक्टरचं शेवटचं भाषण, सगळे एकमेकांना जबाबदार आहोत असं सांगणारं, पाच आठवडे ढोलाच्या ठेक्यावर झालं. त्या नटाला ठेक्याशिवाय ते बोलायची नव्याने सवय लावावी लागली.

६. पात्रवाटप, आणि एडनाचं काय

बर्लिंग पन्नाशीचा, मिसेस बर्लिंग त्याच वयाच्या. कॉलेजच्या पोरांना पांढरी मिशी लावून भागवू नका. ग्रुपमध्ये मोठी माणसं नसतील तर बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेली नाटकवेडी मंडळी पुण्यात शोधायला लागत नाहीत, तीच तुम्हाला शोधत येतात. इन्स्पेक्टरला आवाजापेक्षा स्थिरता जास्त लागते. एरिकला पहिल्या अंकातच दारू चढलेली असते, पण ती लपवणारी. डोलणारी नव्हे.

आता एडना. घरातली नोकराणी, वाक्यं बोटावर मोजण्याइतकी. आम्ही हे काम ग्रुपमध्ये नवीन आलेल्या मुलीला दिलं. संवाद कमी म्हणून तालमीचा चहा सांगणं तिच्याकडे. प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंची, पेटी तिच्याकडे. झेरॉक्स तिच्याकडे. दोन महिन्यांनी एकदा चहा उशिरा आला म्हणून मीच तिच्यावर आवाज चढवला. त्याच वेळी समोर मिसेस बर्लिंगचा ‘असल्या घरच्या’चा प्रवेश चालू होता. ती काही बोलली नाही, कप ठेवले आणि कोपऱ्यात जाऊन बसली. मिसेस बर्लिंग करणाऱ्या काकूंनी प्रवेश थांबवला. माझ्याकडे बघितलं फक्त.

दुसऱ्या दिवसापासून चहाची पाळी लावली, भिंतीवर, तारखांच्या तक्त्याशेजारी. तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा.

एडनाच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, ती नवख्यांच्या नजरेतून सुटते. इन्स्पेक्टर येईपर्यंत प्रकाश गुलाबीसर, घरगुती असावा आणि तो आल्यावर उजळ आणि कठोर व्हावा, असं प्रीस्टलींनी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. हा बदल आपोआप होत नाही. बर्लिंग एडनाला सांगतो की त्याला आत आण आणि जरा जास्त उजेड कर. उजेड ती करते. तिला घाईने पळवू नका. ती भिंतीपाशी जाईल, हात वर करेल, आणि त्याच क्षणी बदल होईल.

७. तालीम: जिथे नाटक फसतं त्या जागा

घंटा. बर्लिंग मुलांना उपदेश करतोय: माणसाने आपलं बघावं, आपल्या माणसांचं बघावं, आणि... इथे दाराची घंटा वाजते, वाक्याच्या मधोमध. नट वाक्य पूर्ण करून घंटेची वाट बघत थांबला तर संपलं. घंटा लॅपटॉपवरून वाजवू नका. विंगेत खरी घंटा ठेवा आणि ती वाजवणाऱ्याला बर्लिंगचं तोंड दिसेल असा उभा करा. आम्ही हा तुकडा निदान चाळीस वेळा केला असेल.

फोटो. हा नाटकाचा कणा आहे. इन्स्पेक्टर फोटो एका वेळी एकालाच दाखवतो: आधी बर्लिंगला, मग शीलाला, पुढे मिसेस बर्लिंगला. जेराल्ड आणि एरिक बघायला उठतात तेव्हा तो त्यांना अडवतो. तिसऱ्या अंकात जेराल्ड म्हणतो की सगळ्यांना एकच फोटो दाखवला हे कशावरून? प्रेक्षकाने तोवर फोटो एकालाच दिसताना स्वच्छ बघितलेलं नसेल तर या प्रश्नाला काही अर्थ राहत नाही. तालमीत नट सवयीने मान वाकवून डोकावतात. आम्ही एक खेळ केला. इन्स्पेक्टर करणाऱ्याने रोज खिशात वेगळा फोटो आणायचा, एकदा त्याच्या लहानपणीचा, एकदा कुणाच्या मांजराचा. ज्याला दाखवला त्याने नंतर काही सांगायचं नाही. बाकीच्यांची ओढ खरी दिसायला लागली.

ऐकणं. एकांकिका करून आलेल्या मुलांना उजेड-अंधार, फ्रीज (जागच्या जागी गोठून उभं राहणं), धावपळ याची सवय असते. इथे वेळ सलग चालतो. चौकशी दुसऱ्याची चालू असताना बाकीचे तिथेच बसलेले असतात. बसून ऐकणाऱ्याचं काय चाललंय ते ठरवा. ‘तू आत्ता काय लपवतोयस?’ हा एक प्रश्न प्रत्येक रिकाम्या नटाला विचारत राहा.

मध्यंतर. मूळ नाटक तीन अंकी. पहिला अंक संपतो तो इन्स्पेक्टर दारात येऊन ‘मग?’ विचारतो तिथे, आणि दुसरा बरोबर त्याच क्षणापासून सुरू होतो. दोन मध्यंतरं ठेवलीत तर वडा-चहाच्या रांगेत नाटक विरघळेल. पहिले दोन अंक जोडून करा आणि मध्यंतर एरिकच्या प्रवेशावर घ्या. घरच्यांना सगळं कळलंय आणि तो दारात उभा आहे. यापेक्षा चांगली जागा शोधूनही सापडायची नाही.

अंगठी. दुसऱ्या अंकात शीला ती जेराल्डला परत करते, शेवटी तो ती पुन्हा पुढे करतो. मध्यंतरात ती जेराल्डच्याच खिशात राहील हे बघायला एक माणूस नेमा.

८. नेपथ्य आणि प्रॉपर्टी

टेबल मधोमध ठेवलंत की निम्मे नट प्रेक्षकांकडे पाठ करून बसतात. प्रेक्षकांकडची बाजू मोकळी सोडा. वास्तववादी सेट ठेवायचा तर तो अंकागणिक फिरवावा लागेल, आणि हे झंझट नको असेल तर असा सेट करूच नका, असं खुद्द प्रीस्टलींनीच सुचवलंय. लंडनला १९९२ मध्ये स्टीफन डाल्ड्री यांनी खांबांवर उभं घर रंगमंचावर कोसळवलं होतं. ते बघून कुणाला उत्साह आला तर त्याला आधी सुताराचं बिल दाखवा. आम्ही काळा पडदा, एक दार, जड लाकडी टेबल, सहा खुर्च्या आणि फोनचं छोटं स्टूल एवढ्यावर भागवलं. फोन मात्र उभ्या दांड्याचा, जुन्या चालीचाच हवा. नाटक त्याच्यावर संपतं.

सिगार न पेटवता हातात धरा. सभागृहात पेटवू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. व्हिस्कीला कोरा चहा. पोर्ट वाईनला आम्ही कोकम सरबत वापरलं, रंग अगदी हुबेहूब. रंगीत तालमीत ते भाड्याच्या पांढऱ्या शर्टफ्रंटवर सांडलं आणि डिपॉझिट गेलं. सरबत निम्म्याला निम्मं पाणी घालून घ्या आणि ग्लास कधीच पाव भागाच्या वर भरू नका.

९. प्रयोगाचा दिवस

सेट लावणं, दिवे फोकस करणं आणि एक धावती तालीम, एवढ्याला मिळालेली वेळ कधीच पुरत नाही. दिव्यांना पहिला हक्क द्या, धावती तालीम नाही झाली तरी चालेल. फक्त चार जागा करून बघा: घंटा, एडनाचा उजेड, एरिकचा प्रवेश, शेवटचा फोन. नारळ फोडायला आणि नटराजाला हार घालायला दहा मिनिटं आधीच धरून ठेवा. कुणीतरी ज्येष्ठ उशिरा येतातच आणि त्यांच्यासाठी थांबावं लागतं.

पाहुण्यांना पास देताना हात आखडता घ्या. पुण्यात पास घेतलेला माणूस तिसऱ्या घंटेनंतर येतो आणि मधल्या रांगेत बसतो.

शेवटचा फोन वाजतो, बर्लिंग ऐकतो, ठेवतो आणि सांगतो की एक मुलगी आत्ताच दवाखान्यात नेताना वारली आणि चौकशीला पोलीस निघालेत. इथे पडदा. पडदा ओढणाऱ्याला सांगून ठेवा की टाळ्यांची वाट बघायची नाही. आमच्या पहिल्या प्रयोगात त्याने वाट बघितली. पाच माणसं टेबलाभोवती हलेनात, प्रेक्षकही हलेनात. शेवटी विंगेतून एडना झालेली मुलगी पुढे गेली आणि तिनेच दोर ओढला.

पडदा पडल्यावर तासाभरात रंगमंच मोकळा करून द्यायचा असतो. टेम्पोवाल्याला आधीच बोलावून ठेवा, आणि सरबताची बाटली मेकअप रूममध्ये विसरू नका.